लेआउटच्या बागेतली टिनाची खोली पुन्हा फोडली. आता काय करायचं?

मोगरा_कट्टा

नमस्कार मंडळी. आमचा लेआउट (प्लॉट पाडलेली वसाहत) नागपुरात मनीषनगर सोडून बेसा रोडला लागलं की आतल्या अंगाला आहे. मधल्या मोकळ्या जागेवर आम्ही काही घरं मिळून भाजीपाला करतो. वांगी, मिरच्या, पालक, संभार (कोथिंबीर), कुंपणावर वालाच्या शेंगा. कोपऱ्यात अवजारांसाठी टिनाची खोली आहे, आठ बाय सहाची. अँगलचा सांगाडा, चारी बाजूंनी टिनं, एक दार. मागच्या बाजूला रिकामा प्लॉट, त्यात माणसाच्या उंचीचं गवत नि बेशरमाची झुडपं.

दिवाळीत पहिल्यांदा फुटली. तेव्हा पितळी तोट्या आणि पाइपाचं बंडल गेलं. आम्ही मोठं कुलूप आणलं. या आठवड्यात पुन्हा तेच झालं. पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर, पाठीवरचा स्प्रे पंप, दोन फावडी आणि टिकास गेलं. गांडूळखताची पोती, बियाण्यांचे डबे, दांडा मोडलेली कुदळ जागच्या जागी.

मला खटकलेली गोष्ट अशी की कुलूप फुटलेलंच नाही. ते लागलेल्या अवस्थेतच कोयंड्याला लटकत होतं, नि कोयंडा दारापासून सुटा. त्याचे चारही स्क्रू उंबरठ्यावर एका ओळीत मांडून ठेवलेले, एकही वाकडा नाही. मोटरचंही तसंच. पाइप कापलेला नाही, दोन्ही युनियन (पाइपाचे जोड) पान्याने सोडवलेले. वॉशरसुद्धा तिथेच ठेवून गेले.

आता आमच्यात चार मतं आहेत. एक म्हणतात कॅमेरा आणि सायरन बसवा. दुसरे म्हणतात रात्रीचा चौकीदार ठेवा. तिसरे कुंपणात करंट सोडायला निघाले आहेत. आणि एक आजोबा म्हणतात की बागच बंद करा, भाजी बाजारात मिळते. वर्गणीतून दहा-बारा हजार जमतील, त्यापलीकडे नाही. कोणाच्या कॉलनीत असं झालं असेल तर सांगा, काय केलं आणि काय टिकलं.

खामल्याचा_भाऊ

ताई, मोठं कुलूप आणून काय फायदा झाला बापा? कुलूप तर शाबूत आहे नं! चोरानं कुलपाले हातही नाही लावला. चार स्क्रू काढले अन् दार उघडलं. स्क्रूचं डोकं बाहेरून दिसून राहिलं म्हणजे तुम्हीच त्याले सांगून राहिले की इथून उघड.

वॉशर ठेवून गेला हे लय भारी आहे. प्रामाणिक माणूस!

शिस्तप्रिय

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. रिकाम्या प्लॉटमधून दिवसभर कचरा वेचणारे फिरतात. आमच्या भागातही तेच. त्यांना लेआउटमध्ये येऊ देणं बंद करा, निम्मा प्रश्न सुटेल.

कढीपत्ता

@शिस्तप्रिय, वरची पोस्ट पुन्हा वाचा. ज्याने युनियन पान्याने सोडवले त्याच्याकडे पाइप पाना होता, मोटर कुठे आहे हे ठाऊक होतं, आणि घाईही नव्हती. पोतं पाठीवर घेऊन फिरणाऱ्या बाया पाइप पाना घेऊन फिरत नाहीत. बरं, त्या दिवसा फिरतात, चोरी रात्रीची आहे.

मी कोणावर बोट ठेवत नाही. पण मोगराताई, मोटर कुणी बसवून दिली, खोलीचं दार कुणी केलं, दुरुस्तीला कोण कोण येऊन गेलं, एवढी यादी आपल्यापुरती करून ठेवा. आमच्या प्रतापनगरकडच्या बागेत किल्ल्या इतक्या झाल्या होत्या की त्या कोणाकडे आहेत हेच कुणाला सांगता येईना. एक तर भाडेकरू सोडून गेला तेव्हा त्याच्याबरोबरच गेली. आम्ही मग आकड्यांचं कुलूप लावलं. भाडेकरू बदलला की आकडा बदलायचा.

निवृत्त_ओव्हरसियर

मोगराताई, सविस्तर लिहितो. बांधकाम खात्यात हयात गेली, साइटवरचे गोदाम फुटणे हा रोजचाच विषय होता.

आधी जागेचे बघा. लेआउटमधली मोकळी जागा बहुधा नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासाच्या) मंजूर नकाशात सार्वजनिक वापराची म्हणून दाखवलेली असते. तिथे विटा-सिमेंटची पक्की खोली बांधाल तर उद्या चोराआधी नोटीस येईल. तेव्हा टिनाचीच खोली ठेवायची आणि तीच सुधारायची, हे धरून चालू.

टिनाच्या खोलीत दार हा शेवटचा प्रश्न. बहुतेकांचे लक्ष दाराकडे असते, म्हणून चोराचे नसते. आमच्या गोदामात एकदा दार, कुलूप, सील सगळे जागेवर आणि आतली सळई गायब. वर चढून पाहिले तर छपराच्या टिनाचे जे-हुक (टीन अँगलला धरून ठेवणारे आकडे) सोडवलेले. नट बाहेरच्या बाजूला असतात, खालून कोणी धरायची गरज नाही, एक पाना पुरतो. टीन उचलायचे, आत उतरायचे, माल वर द्यायचा, टीन परत टाकायचे.

दुसरी जागा तळाची. सांगाडा जमिनीवर नुसता टेकवलेला असेल तर सब्बल (पहार) घालून टिनाची खालची कड वाकवता येते. सभोवार वीतभर खोल चर खणून काँक्रीटची पट्टी भरा आणि अँगलचे पाय त्यात गाडा. यास सहसा पक्के बांधकाम म्हणत नाहीत.

दार त्यानंतर.

वेल्डिंग_वर्क्स

ओव्हरसियर काका बरोबर बोलले. माझं कामच हे आहे म्हणून थोडं जास्त सांगतो.

कोयंडा स्क्रूने लावायचाच नाही. दार पत्र्याचं, चौकट अँगलची, म्हणजे सरळ वेल्ड मारा. वेल्डिंगवाला यायला तयार नसेल तर गोल डोक्याचे ८ एमएमचे बोल्ट घ्या. डोक्याखाली चौकोनी मान असते. ती बसेल असं भोक पट्टीला पाडायचं, म्हणजे बोल्ट जागेवर फिरत नाही आणि बाहेरून पाना धरायला काही मिळत नाही. नट आतून. आत दोन सूत जाडीची पट्टी लावून मगच कसा, नाहीतर पत्र्यातून बोल्ट ओढून काढतात. नट कसल्यावर उरलेले आटे हातोड्याने चेपून टाका.

बिजागऱ्या पाहा. बाहेरून असतील आणि पिन सुटी असेल तर पंच घालून पिन वर ठोकतात आणि दार उलट्या बाजूने उघडतात. कुलूप तसंच लागलेलं. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डचा एक एक थेंब द्या, काम संपलं.

कुलपाभोवती चार इंची पाइपाचा तुकडा वेल्ड करून घ्या, वरून बंद, खालून उघडा. कुलूप त्याच्या आत राहतं. किल्ली खालून लागते, पण कटरचे जबडे आत शिरत नाहीत आणि सब्बल टेकवायला जागा नाही. पावसाचं पाणीही कुलपावर पडत नाही. कॉलनीतल्या पंपाच्या खोल्यांना मी हेच करतो. हाताला थोडा त्रास होतो किल्ली लावताना, म्हातारी माणसं कुरकुर करतात.

छपराचे जे-हुक काढू नका, नुसते आटे चेपा किंवा नटावर एक टाका मारा. आतून छपराला १० एमएमच्या सळईची जाळी मारता आली तर उत्तम. टीन उचललं तरी माणूस उतरत नाही.

आणि एक. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर असेल तर कोणतंही कुलूप मिनिट-दोन मिनिटांत कापलं जातं. जाड कडीचं, कठीण केलेल्या पोलादाचं कुलूप घेतलं तर एवढंच होतं की त्याला ग्राइंडर आणावाच लागतो. त्याचा आवाज होतो, ठिणग्या उडतात. स्क्रूचा आवाज होत नाही.

मोगरा_कट्टा

काका, दादा, मनापासून आभार. आत्ता जाऊन पाहून आले. बिजागऱ्या बाहेरूनच आहेत आणि पिनेवर पंच मारल्याची जुनी खूणही दिसतेय. म्हणजे कोणीतरी ते करून पाहिलेलं आहे. जे-हुकांपैकी मागच्या बाजूचे दोन हाताने फिरले.

आवाजाचं बोललात म्हणून विचारते. सायरनचा उपयोग होईल का? आमच्यात सगळ्यात जास्त मतं त्यालाच आहेत.

खामल्याचा_भाऊ

नागपुरात सायरन? एप्रिलनंतर?

ताई, तुमच्या लेआउटमध्ये रात्री किती कूलर चालून राहतात मोजा. प्रत्येक घरी मोठ्ठा लोखंडी कूलर, खिडकी त्यानंच बुजलेली, वाळ्याच्या ताट्या अन् पंख्याची घरघर. आमच्या घरी बाजूच्या खोलीत फोन वाजला तरी समजत नाही, तं बागेतला सायरन कोणाले ऐकू येते? एसीवाले तर दारं-खिडक्या बंद करून बसले. चोराले हे माहीत आहे. आमच्याकडच्या चोऱ्या पाहा, एक तं उन्हाळ्यातल्या, सगळे गावाला गेले की, नाही तं पाऊस धो धो टिनावर पडून राहिला तेव्हा.

सायरन हिवाळ्यात वाजवा. हिवाळ्यात हुर्डा खायले पब्लिक रात्रभर जागीच असते.

अर्धा_अँपिअर

भाऊंनी कूलरचं जे लिहिलं ते शंभर टक्के. त्यात माझी भर, सेन्सरची.

बाजारात मिळणारे हालचाल ओळखणारे स्वस्त दिवे आणि अलार्म पीआयआर सेन्सरवर चालतात. तो सेन्सर हालचाल पाहत नाही, उष्णता पाहतो. माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांत फरक असला तर तो जागा होतो. आता नागपूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेवढं रोज नसतं, पण ४४-४५ ला कोणाला नवल वाटत नाही. दिवसभर तापलेली भिंत, फरशी आणि माती रात्री उशिरापर्यंत गरम असतात. संध्याकाळी भिंत नि माणूस जवळपास सारख्याच तापमानाचे. सेन्सरला माणूस जवळ आल्याशिवाय दिसतच नाही. तोच सेन्सर डिसेंबरात दहा अंशांना मांजरावरही पेटतो. ज्यांना वाटतं की उन्हाळ्यात दिवा खराब झाला, त्यांचा दिवा बहुधा ठीक असतो.

दुसरं, सोलरवर चालणारे सिमकार्डवाले कॅमेरे. चालतात, मी दोन ठिकाणी लावलेत. पण बॅटरी कॅमेऱ्याच्याच डब्यात असते आणि डबा उन्हात. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, क्षमता झपाट्याने उतरते. कॅमेरा उत्तरेच्या बाजूला, वळचणीखाली सावलीत लावा आणि सोलर पॅनल वायर लांबवून वेगळं उन्हात. कॅमेरा टिनाला चिकटवू नका, मध्ये लाकडाची फळी घाला.

आणि कॅमेरा खोलीवर रोखण्यापेक्षा बागेत शिरायच्या वाटेवर रोखा, छातीच्या उंचीपेक्षा थोडा वर. खूप उंचावरून नुसत्या टोप्या दिसतात. शेजाऱ्यांची गच्ची-गॅलरी चौकटीत येत नाही ना तेही पाहा, नाहीतर चोर बाजूलाच राहील आणि भांडण शेजारी सुरू होईल.

शिस्तप्रिय

मग करंट का नको? शेतकरी लावतातच. एकदा झटका बसला की परत येणार नाही.

काळा_कोट

नको म्हणजे नको. आपल्याच विदर्भात रानडुकरांसाठी शेताच्या तारेत सोडलेल्या करंटने माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत. घरच्या लाइनचा करंट तारेत सोडणं हा वीजचोरीपासून सदोष मनुष्यवधापर्यंत कशाचाही गुन्हा होऊ शकतो. निष्काळजीपणाने मृत्यू म्हटलं तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मेलेला चोर होता हा बचाव होत नाही. आणि बागेत पोरं चेंडू आणायला शिरतात.

शेतकरी लावतात ते झटका मशीन वेगळं. त्यात क्षणभराचा ठोका असतो, सलग करंट नसतो. तरीही वस्तीच्या मधोमध, सगळ्यांना खुल्या जागेत मी त्याचा सल्ला देणार नाही.

आता तक्रारीचं. मोगराताई, तक्रार दिलीत का?

मोगरा_कट्टा

दिवाळीत गेलो होतो. "किरकोळ आहे, अर्ज देऊन ठेवा" असं सांगितलं. या वेळी अजून कोणी गेलं नाही. अर्ज देऊन काय होणार असाच सूर आहे.

काळा_कोट

यात एक बारकावा आहे, तो कामाला येईल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी चोरी म्हणजे कलम ३०३(२). त्यात ऐवज ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. "किरकोळ आहे" हे वाक्य बहुधा इथून येतं.

पण कलम ३०५ वाचा. राहत्या इमारतीतली, किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा दखलपात्र गुन्हा आहे आणि त्याला पाच हजारांची अट नाही. तुमची खोली साहित्य ठेवण्यासाठीच आहे, तिला भिंती, छप्पर, दार, कुलूप आहे. टिनाची खोली इमारत ठरते का यावर कोणी वाद घालू शकेल, माझ्या मते ठरते. अर्जात "बागेतून साहित्य गेले" असं मोघम लिहू नका. "साहित्य ठेवण्याच्या कुलूपबंद खोलीच्या कोयंड्याचे स्क्रू काढून आत प्रवेश केला व पुढील वस्तू नेल्या" असं लिहा. वस्तूंची यादी, मोटरच्या पाटीवरचा नंबर, बिल असेल तर त्याची प्रत, उंबरठ्यावरच्या स्क्रूंचा फोटो. फोटो काढला असेल अशी आशा आहे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

मोटर परत मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीची आणि आताची अशा दोन नोंदी कागदावर असल्या तर रात्रीच्या गस्तीच्या गाडीला तुमच्या लेआउटमध्ये वळायला सांगता येतं. नोंद नसेल तर कागदोपत्री तुमच्याकडे काही घडलेलंच नाही.

मोगरा_कट्टा

फोटो आहेत. मोटरचं बिलही सापडलं, त्यावर नंबर आहे. उद्याच दोघी-तिघी जाऊ. हे ३०५ चं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

कढीपत्ता

आता मी जरा उलट्या बाजूने बोलते.

इथे सगळे खोली मजबूत करायला निघालेत. वेल्डिंग करा, काँक्रीट करा, जाळी मारा. जितकी मजबूत कराल तितकं चोराला वाटेल की आत काहीतरी आहे. आम्ही प्रतापनगरला तेच केलं आधी. मग शेवटी विचार केला की आत नेमकं ठेवतो काय? आणि जे विकलं जाईल ते सगळं बाहेर काढलं.

मोटरचं बघा. चोराला मोटर नको असते, आतलं तांबं हवं असतं. भंगारात तांब्याला भाव आहे. आम्ही मोटर काढूनच टाकली. बागेजवळच्या घराच्या मोटरने बागेतली पाचशे लिटरची टाकी रोज पहाटे भरतात, टाकी चौथऱ्यावर आहे, तिथून पाणी आपोआप ठिबकला जातं. ठिबकला जोर लागत नाही, टाकी डोक्याइतक्या उंचीवर असली की आमच्याएवढ्या वाफ्यांना पुरतं. विजेचे पैसे त्या घराला वर्गणीतून. पितळी तोट्या काढून प्लास्टिकच्या लावल्या, त्याकडे कोणी पाहत नाही. स्प्रे पंप ज्याची पाळी त्याच्या घरी.

बियाणं आणि औषधं तर टिनाच्या खोलीत ठेवूच नका, चोर असो नसो. मे महिन्यात आत हात घालवत नाही इतकं तापतं. त्यात बियाणं उगवण सोडून देतं. आमचे पालकाचे बी असंच वाया गेलं, दुकानदाराला दोष देऊन झाला आधी.

राहतं काय मग? फावडी, कुदळ, घमेली, खुरपी. त्यांना साखळी.

आणि दाराला आम्ही दिवसा कुलूपच लावत नाही. कोणीही डोकावून पाहू शकतं की आत घमेल्यांशिवाय काही नाही. त्यानंतर आमची खोली फुटली नाही.

वेल्डिंग_वर्क्स

ताई, तुमचं पटतं, पण फावडी-टिकासही आता स्वस्त नाहीत. लोखंडाची वस्तू भंगारात जातेच. साखळी कशाला बांधता ते सांगा. टिनाच्या अँगलला बांधली असेल तर अँगलसकट जाईल.

कढीपत्ता

जमिनीत काँक्रीटचा गोळा भरलाय, घमेल्याएवढा, त्यात सळईचा वाकवलेला हूक. साखळी फावड्यांच्या दांड्याला भोक पाडून त्यातून नेली. भोक पात्याच्या जवळ पाडायचं नाही, दांडा तिथेच मोडतो.

शिवाय इतवारीत लोहा ओळीतून आणलेल्या प्रत्येक अवजारावर आमच्या सोसायटीची दोन अक्षरं ठोकून घेतली. लोहाराकडे अक्षरांचे पंच असतात. लाकडी दांड्यांवर तापलेल्या सळईने डाग दिला आणि वरून भडक गुलाबी तेलरंगाचा पट्टा मारला. अर्ध्या किमतीत कुठे विकायला गेलं तर गुलाबी फावडं लपत नाही. आमच्या माळीदादांना मात्र तो रंग अजिबात आवडला नाही, अजून टोमणे मारतात.

खामल्याचा_भाऊ

गुलाबी फावडं! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्याच्या पुतळ्यासोबत मिरवणुकीत न्या. घेऊन जा गे मारबत, टीन फोडणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!

निवृत्त_ओव्हरसियर

कढीपत्ता यांचा मुद्दा रास्त आहे. आम्हीही साइटवर रात्री डिझेल आणि केबल मुक्कामाच्या ठिकाणी हलवत असू, गोदामात फक्त जड माल. मात्र एका बाबतीत मतभेद. दिवसा दार उघडे ठेवणे प्रतापनगरला चालते, कारण तिथे बागेभोवती घरे आहेत. मोगराताईंच्या खोलीमागे रिकामा प्लॉट आणि माणसाच्या उंचीचे गवत आहे. तिथे उघडे दार म्हणजे इतर गैरप्रकारांना आमंत्रण. पत्त्यांचे अड्डे अशाच खोल्यांत बसतात, आणि मग त्यांना उठवणे चोराला हाकलण्यापेक्षा अवघड.

त्या गवताचे आधी करा. प्लॉट कोणाचा आहे हे कळत नसेल तर मनपाच्या झोन कार्यालयात तक्रार द्या. बेशरमाची झुडपे मुळासकट काढावी लागतील, नुसती छाटली तर पावसाळ्यात दुप्पट येतील. सापांच्या दृष्टीनेही ते बरे. पावसाळ्यात खोली उघडण्याआधी दारावर काठी आपटत जा.

रस्त्यावरून खोलीचे दार दिसले पाहिजे. जमल्यास दार फिरवून रस्त्याच्या बाजूला घ्या. टिनाच्या खोलीचे दार हलवायला एक दिवस पुरतो.

अर्धा_अँपिअर

काकांना अनुमोदन. याच कारणाने मी मागच्या बाजूला दिवा लावू नका म्हणेन. जिथे पाहणारा कोणी नाही तिथे दिवा लावला की चोराला टॉर्च धरावा लागत नाही. दिवा रस्त्याच्या बाजूला, दारावर, रात्रभर मंद चालू राहणारा. पाच वॅटचा पुरे. रस्त्यावरचा मनपाचा खांब बंद असेल तर खांबावरचा नंबर टिपून तक्रार करा, नंबर दिला की काम लवकर होतं.

मोगरा_कट्टा

दार रस्त्याकडे फिरवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सध्या ते मागच्या गवताकडे उघडतं! पूर्वी तिकडून ट्रॅक्टरने माती यायची म्हणून तसं केलं होतं, ती माती येणं कधीचं बंद झालं.

कुंपणाला काटेरी काही लावावं का? बोगनवेल सुचवली आहे एकीने.

कढीपत्ता

बोगनवेल छान दिसते, पण वर्षभरात एवढी माजते की खोलीच झाकून टाकते, आणि आपल्याला खोली दिसायला हवी आहे. मागच्या हद्दीला करवंद लावा. आपल्याकडच्या उन्हाला दाद देत नाही, काटे बोचरे, कमरेएवढी छाटून ठेवता येते, वर लोणच्याला करवंदं. फक्त पहिले दोन उन्हाळे पाणी द्या.

शिस्तप्रिय

चौकीदाराचं कोणीच बोललं नाही. मला तोच उपाय खात्रीचा वाटतो.

मोगरा_कट्टा

दहा-बारा हजारांत चौकीदार एक महिना येईल, काका. पुढे काय? आणि एक माणूस रात्रभर एका टिनाच्या खोलीसाठी बसवायचा हे मलाच पटत नाही. आजूबाजूचे तीन लेआउट मिळून ठेवत असतील तर गोष्ट वेगळी, ते विचारून पाहते.

कचरा वेचणाऱ्यांचंही सांगून टाकते. आमच्याकडे ज्या दोघी येतात त्यांनीच पहाटे दार उघडं पाहून शेजारच्या काकूंना हाक मारली. नाहीतर आम्हाला रविवारी कळलं असतं.

शिस्तप्रिय

बरं. हे तुम्ही आधी लिहिलं नव्हतं.

वेल्डिंग_वर्क्स

खर्चाचं बोललात म्हणून सांगतो. दार फिरवणं, कोयंडा, बिजागऱ्या, कुलपाचा पाइप, जे-हुकांचे टाके हे एका दिवसाचं काम आहे. सळईची जाळी सध्या राहू द्या. मोटर आणि स्प्रे पंप आत ठेवणारच नसाल तर तिची गरज नाही. ती रक्कम टाकीच्या चौथऱ्यावर घाला. तळाची काँक्रीट पट्टी तुम्हीच घाला, त्याला मिस्त्री लागत नाही. पट्टी भरल्यावर आठवडाभर पाणी मारा, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. वरून ओलं पोतं टाकून ठेवलं तर बरं.

कुलपात तेल टाकू नका. आपल्याकडची धूळ तेलाला चिकटते आणि किल्ली अडकते. पेन्सिलीच्या शिसाचा भुगा टाका.

मोगरा_कट्टा

रात्री सगळ्यांची बैठक झाली. ठरलं ते लिहून ठेवते, कोणाला काही चुकीचं वाटलं तर बोला.

नवी मोटर घ्यायची नाही. कोपऱ्यावरच्या जोशीकाकू नव्हे, त्यांच्या समोरचं घर टाकी भरायला तयार आहे (जोशीकाकूंचं बिल आधीच कूलरमुळे डोईजड). दार रस्त्याकडे फिरवणार. आकड्यांचं कुलूप, आकडा फक्त त्या महिन्याची पाळी असलेल्या दोन घरांना. कॅमेरा सध्या नाही, पैसे उरले तर पावसाळ्यानंतर. करंट नाही, सायरन नाही. अवजारांवर अक्षरं ठोकायची, रंग मात्र गुलाबी नाही, पिवळा. त्यावर अर्धा तास वाद झाला. बाग बंद करा म्हणणाऱ्या आजोबांनी करवंदाची रोपं आणायचं कबूल केलं, महाराजबागेजवळच्या रोपवाटिकेतून आणतो म्हणाले.

तक्रार दिली. या वेळी ३०५ चा उल्लेख करून अर्ज नेला होता. त्यांनी वाचला, आत जाऊन कोणाला तरी दाखवला, आणि मग फोटो मागितले. उद्या पंचनाम्याला येतो म्हणाले.

काळा_कोट

पंचनाम्यापर्यंत दाराला हात लावू नका. स्क्रू उचलले असतील तर पिशवीत वेगळे ठेवा आणि कोणी उचलले ते सांगा. पंचनामा झाल्याशिवाय वेल्डिंग नको.

मोगरा_कट्टा

स्क्रू मीच रुमालात उचलून ठेवलेत, तसंच सांगेन. वेल्डिंग रविवारी धरू मग, तोपर्यंत पंचनामा होईल. @वेल्डिंग_वर्क्स दादा, तुमचा माणूस बेसा रोडला येईल का? दर इथे नको, व्यक्तिगत निरोप पाठवा.

वेल्डिंग_वर्क्स

निरोप पाठवला. माणूस नाही, मीच येतो. सकाळी सहाला सुरू करू, अकरानंतर टिनावर हात टेकवत नाही. लाइट जवळच्या घरातून घ्यावी लागेल, वायर माझी लांब आहे.

खामल्याचा_भाऊ

मी पण येतो बापा काँक्रीट घोटायले. तर्री-पोहे ठेवा फक्त.

मोगरा_कट्टा

तर्री-पोहे नक्की. येणाऱ्यांनी घरातलं एक घमेलं आणा, आमची दोनच उरलीत. आणि ८ एमएमच्या बोल्टांना १३ नंबरचा पाना लागतो म्हणे, कोणाकडे असेल तर तोही आणा. आमचा त्याच खोलीत होता.